वरच्या खुर्चीपायी

ब्लोअर बंद केला की आधी आवाज जातो, वास नंतर येतो. सोयाबीन तेलाच्या कारखान्यात पर्यावरण अधिकारी म्हणून मी लागले तेव्हा हे मला कुणी शिकवलं नव्हतं. शिकायची वेळ आमच्याच प्लांट हेडनी आणली, आणि त्याचा राग अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

कारखाना शेगावच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून थोडा आत आहे. सोयाबीन येतं, तेल निघतं, आणि ते तेल शुद्ध करताना आंबट वासाचं, साबणासारखं बुळबुळीत पाणी मागे उरतं. ते पाणी साफ करणं हे माझं काम. एका मोठ्या उघड्या टाकीत जिवाणू वाढवायचे आणि खालून ब्लोअरनं सतत हवा सोडत राहायची. हवा मिळाली की जिवाणू घाण खातात आणि पाणी निवळतं. मग ते झाडांना द्यायचं, उरलं तर मागच्या नाल्यात सोडायचं. हवा थांबली की जिवाणू मरतात. यात न कळण्यासारखं काही नाही.

माझं माहेर संग्रामपूर तालुक्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. आमच्याकडे विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. डाळ त्यात शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. लहानपणी आमच्या घरी पाहुणे येत, ते स्वतःच्या पिण्याच्या पाण्याची कॅन बरोबर घेऊन, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. त्यामुळे असेल, पण कुठलंही पाणी बघितलं की ते गोड आहे का, हा प्रश्न माझ्या मनात सगळ्यात आधी येतो. पुढे मी रसायनशास्त्र शिकले, तरी ती सवय गेली नाही.

प्लांट हेड अकोल्याकडचे, शेतकऱ्याच्या घरातून इंजिनिअर झालेले. मी रुजू झाले त्या आठवड्यात ते मला स्वतः टाकीवर घेऊन गेले होते. ही यंत्रणा बसवायला त्यांनी मुख्य कार्यालयाशी भांडण केलं होतं, असं जुने लोक सांगायचे. कठड्याला हात टेकून ते म्हणाले, "मॅडम, कारखान्यात बाकी कुठं काही बंद पडलं तर मला तासाभरानं सांगितलं तरी चालेल. इथलं लगेच सांगायचं." आणि शेजारी उभ्या असलेल्या ऑपरेटरला म्हणाले, "काय बे, समजलं ना तुले?" कामगारांशी ते नेहमी वऱ्हाडीतच बोलत. दर गुरुवारी सकाळी महाराजांच्या दर्शनाला जाऊन मग कामावर येत. मला ते आवडायचे. हे सांगणं भाग आहे, कारण माणूस वाईट असता तर ही गोष्ट मी इतके दिवस डोक्यात घेऊन फिरले नसते.

नाल्याच्या खालच्या अंगाला एका मुसलमान कुटुंबाचं शेत होतं. नवरा-बायको दोघंही साठीच्या पुढचे. सगळे त्यांना चाचा आणि चाची म्हणायचे. कांदा, मेथी, पालक पिकवून ते शेगावच्या बाजारात विकत. त्यांची विहीर त्या भागात प्रसिद्ध होती, कारण तिचं पाणी गोड होतं. आजूबाजूच्या शेतात काम करणाऱ्या बाया तिथे कळशी भरायला यायच्या आणि चाची कुणाला नाही म्हणायची नाही. संध्याकाळी घरी जाताना मी गाडी थांबवून त्यांच्याकडून मेथी घ्यायचे. बाटली रिकामी असेल तर चाची ती माझ्या हातातून काढून घेऊन भरून द्यायची.

सगळं बिघडलं ते एका बातमीनं. आमच्या कंपनीचे तीन कारखाने आहेत. पुण्यात मुख्य कार्यालयात बसणारे संचालक निवृत्त होणार होते आणि तिघा प्लांट हेडपैकी एकाला त्यांच्या जागी घ्यायचं ठरत होतं. कोणाचा कारखाना सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त माल काढतो, ते बघून निवड होणार, असं हळूहळू सगळ्यांना कळलं.

त्याच सुमारास कंपनीचा वार्षिक अहवाल आला. शेअर बाजारात असलेल्या कंपन्यांना त्यात संचालकांचा पगार छापावा लागतो आणि तो कंपनीतल्या मधल्या पगाराच्या किती पट आहे तेही द्यावं लागतं. अकाउंट्समधल्या एका सहकाऱ्यानं कँटीनमध्ये जेवता जेवता मोबाईलवर तो भाग वाचून दाखवला. आकडा ऐकून टेबलावरचे सगळे हसले. एक जण म्हणाला, "आपल्याले तं पुन्हा पुन्हा जलम घ्या लागन!" पलीकडच्या टेबलावर प्लांट हेड जेवत होते. त्यांना ऐकू गेलं होतं. ते हसले नाहीत. भाकरीचा तुकडा हातात धरून ते भिंतीकडे बघत राहिले, मग ताट तसंच ठेवून उठले.

काही दिवसांनी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मुख्य कार्यालयानं एक नवीन व्यवस्था सुरू केली होती. तिन्ही कारखान्यांचा एका टनामागचा खर्च रोज एकाच स्क्रीनवर दिसायचा. तो स्क्रीन त्यांनी भिंतीवर लावून घेतला होता. आमचा कारखाना मधल्या जागी होता.

"दोनपैकी एक ब्लोअर बंद ठेवू," ते म्हणाले. "विजेचा खर्च बघा किती येतोय."

"सर, एका ब्लोअरवर हवा पुरणार नाही. जिवाणू मरतील."

"मरत नाहीत हो. थोडे मंदावतील."

मी कारणं सांगितली. त्यांनी ती सगळी ऐकली, मान डोलावली, आणि ब्लोअर बंद झाला. पुढच्या महिन्यात दुसराही फक्त दिवसपाळीत चालू ठेवायचं ठरलं. टाकीतलं पाणी आधी करडं झालं, मग काळं. कुजक्या अंड्यासारखा वास सुटला आणि टाकीजवळून जाताना कामगार नाकाला रुमाल लावू लागले. नाल्यात जाणाऱ्या पाण्यावर तेलकट साय दिसायला लागली. स्क्रीनवर आमचा कारखाना पहिल्या जागी आला. कँटीनमध्ये जिलेबी वाटली. मी घेतली नाही. तेवढ्यानं काय होणार होतं?

मी रोज केबिनमध्ये जात होते. एकदा ते वैतागले. दार लावून घेतलं आणि म्हणाले, "बसा. तुम्हाला सरळच सांगतो. तुमच्या पगारात आणि माझ्या पगारात जो फरक आहे, तो तुम्ही मेहनत करून काही वर्षांत भरून काढाल. माझ्या आणि वरच्या खुर्चीच्या पगारात जो फरक आहे, तो काम करून भरत नाही. त्या खुर्चीवर बसला तरच मिळतो. आणि पुन्हा ती रिकामी होईल तेव्हा मी निवृत्त झालेलो असेन. आता नाही तर कधीच नाही. अशा वेळी तुम्ही मला सांगता, पंखे चालू ठेवा."

"पण ही टाकी तुम्हीच भांडून बांधून घेतली ना, सर?"

"तेव्हा शर्यत नव्हती," ते म्हणाले, आणि स्क्रीनकडे वळले.

मी बाहेर आले. त्या दिवशी घरी भाजी निवडताना सारखा तोच विचार येत होता. वरचा पगार खालच्यापेक्षा जास्त असणार, त्याबद्दल कोणाचं काही म्हणणं नसतं. पण ती खुर्ची त्यांच्या आजच्या खुर्चीपेक्षा थोडीच वर असती, तर या माणसानं आपल्या हातानं ब्लोअर बंद केला नसता, याची मला खात्री आहे. दोन पायऱ्यांमध्ये एवढं अंतर ठेवलं, की माणूस चढायचं सोडून उडी मारतो, आणि उडी मारण्याआधी हातातलं सगळं टाकून देतो. आमच्या कारखान्यात टाकून देण्यासारखं सगळ्यात सोपं काय होतं, तर नाला. नाला स्क्रीनवर दिसत नव्हता.

मग एके दिवशी सकाळी गेटवरून फोन आला, एक म्हातारा तुम्हाला भेटायचं म्हणतोय. चाचा होते. हातात प्लास्टिकची कॅन. ते रागानं बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

"मॅडम, वास घेऊन पाहा," ते म्हणाले.

मी झाकण उघडलं. आमच्या टाकीचाच वास. पाणी पिवळसर होतं आणि वर बारीक रंगीत थर तरंगत होता.

"कधीपासून असं येतंय, चाचा?"

"आधी वाटलं, विहिरीत बकरी-गिकरी पडली असन. माणूस उतरवून पाह्यला, काईच नाई. मंग नाल्याकडं गेलो." त्यांनी झाकण पुन्हा लावलं. "चाची म्हणे, मॅडमले विचारा. त्याइले माहीत असन."

मला माहीत होतं. मी त्यांना तिथल्या तिथे सांगितलं, की पाणी आमचंच आहे, ते पिऊ नका, जनावरांनाही देऊ नका. कुठे तक्रार करायची तेही सांगितलं आणि कागद लिहून द्यायची तयारी दाखवली. त्यांनी मान हलवली. त्यांच्या मुलीचा नवरा आमच्याच गोदामात हमालीला होता.

"पोट्टीच्या घरी चूल कशी पेटन?" ते म्हणाले. "तुमीच काई करा आतून."

आतून! त्याच कॅनमधलं पाणी मी काचेच्या ग्लासात ओतून प्लांट हेडच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ग्लास उचलून उजेडात धरला. मला वाटलं, आता माणूस जागा होईल. त्यांनी फोन उचलला आणि चाचांच्या शेतावर रोज पिण्याच्या पाण्याचा टँकर पाठवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी टँकर गेलासुद्धा. त्याच्यावर कंपनीच्या नावाचं हिरवं फडकं बांधलेलं होतं आणि सोबत फोटो काढायला माणूस होता. चाचीच्या हातात हंडा देऊन फोटो काढला. तो मुख्य कार्यालयाच्या मासिकात छापून आला. खाली लिहिलं होतं, समाजासाठी पाणी. ज्यांची विहीर आम्ही नासवली, त्यांनाच आम्ही पाणी पाजत होतो आणि त्याचं कौतुकही आमचंच होत होतं. मी ते मासिक फाडलं. मग तुकडे गोळा करताना आपण किती बिनकामाचे आहोत, तेच जाणवत राहिलं.

त्यानंतर मी एक केलं. कोणाला न विचारता ऑपरेटरला दोन्ही ब्लोअर चालू करायला लावले. सांगितलं, हुकूम माझा आहे, कोणी विचारलं तर माझं नाव घे. तीन दिवसांत वास कमी झाला. चौथ्या दिवशी आमचा कारखाना स्क्रीनवर दुसऱ्या जागी घसरला आणि मला बोलावणं आलं. एरवी मृदू बोलणारा तो माणूस सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "कोणाच्या परवानगीनं? कारखाना तुमच्या बापाचा आहे का?" ब्लोअरच्या पॅनेलला कुलूप लागलं. किल्ली त्यांच्या खिशात गेली. तपासणीला प्रदूषण मंडळाचं कोणी येणार असेल तेव्हा ती खिशातून निघायची, घाण पाण्यात चांगलं पाणी मिसळून ते दाखवलं जायचं, आणि गाडी फाटकाबाहेर गेली की पुन्हा कुलूप.

मग मी मुख्य कार्यालयाला सविस्तर लिहिलं. नासलेल्या पाण्याचे आकडे पाठवले. उत्तर आलं, आपली तळमळ कौतुकास्पद आहे. आणि खरंच तिथून पर्यावरण विभागाच्या मुख्य बाई आल्या. हुशार बाई होत्या. त्यांनी आम्हा सगळ्यांना हॉलमध्ये बसवून पडद्यावर झाडांची, नद्यांची चित्रं दाखवली. निसर्ग हा आमच्या कंपनीचा गाभा आहे, असं म्हणाल्या. कोणाला काही विचारायचंय का, असं विचारलं तेव्हा मी उभी राहिले.

"संचालकाच्या जागेसाठी तिघांची जी तुलना होणार आहे, त्यात नाल्यात जाणाऱ्या पाण्याला किती गुण आहेत?"

प्लांट हेड पहिल्या रांगेत बसले होते, त्यांची मान मला मागून दिसत होती.

बाई हसून म्हणाल्या, "त्याला वेगळे गुण नाहीत. पाणी स्वच्छ असणं हे आम्ही गृहीतच धरतो."

"आणि वीज वाचवली तर?"

"ते अर्थातच खर्चात दिसतं."

मी खाली बसले. त्यांनी पुढची स्लाइड लावली. शेजारची सहकारी माझ्या कानाशी म्हणाली, "काऊन डोकं फोडून घेतेस?" तिचं चुकत नव्हतं. गृहीत धरलेल्या गोष्टीसाठी कोणी पैसे देत नाही, आणि जिच्यासाठी पैसे मिळत नाहीत ती शर्यतीत पहिली गळून पडते, एवढं त्या हॉलमधल्या प्रत्येकाला कळत होतं. ज्यांनी हे ठरवलं त्यांनाही कळत असणार. जाताना बाईंनी मला कापडी पिशवी भेट दिली.

निकाल उन्हाळ्याच्या सुरुवातीला लागला. तिघांपैकी कोणालाच घेतलं नाही. दुसऱ्या कुठल्याशा कंपनीतून एक माणूस आणला. त्याला म्हणे आधीच्या संचालकापेक्षाही जास्त पगार द्यावा लागला.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता, पण प्लांट हेड दर्शनाला न जाता सकाळीच कारखान्यात आले. मला बोलावलं. भिंतीवरचा स्क्रीन बंद होता. दाढी केलेली नव्हती. त्यांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"दोन्ही ब्लोअर चालू करा. ताजं शेण मागवा, जिवाणू पुन्हा वाढवा. जे लागेल ते लिहून द्या, मी सही करतो."

"आणि खर्च, सर?"

"आता कोणाले दाखवायचा?" ते म्हणाले.

मी किल्ली उचलली. खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. इतके महिने ज्यासाठी भांडले ते एका वाक्यात मिळालं होतं. पण टाकीकडे चालत जाताना मला संताप आवरत नव्हता. म्हणजे पैसे होते. अक्कल होती. यंत्रं होती. यातलं काहीच कमी नव्हतं. एका माणसाची आशा संपायची तेवढी बाकी होती. ती संपली आणि पाणी स्वच्छ व्हायला लागलं. आणि उद्या कोणा दुसऱ्याला आशा लागली, तर ते पुन्हा घाण होणार.

शेणाची ट्रॉली आली, टाकीत फेस आला, करडं पाणी तपकिरी झालं. पावसाळा येईपर्यंत नाल्यातलं पाणी इतकं बरं झालं की त्यात पुन्हा बारके मासे दिसले. प्लांट हेडनी सही करून दिल्यामुळे कंपनीच्या पंपानं चाचांची विहीर मी अनेकदा उपसून घेतली. दरवेळी पाणी थोडं निवळलेलं यायचं, पण वास पुरता जात नव्हता. जमिनीत मुरलेलं आमचं पाणी झिरपत परत येत होतं. त्याला किती वर्षं लागतील, हे मी सांगू शकत नाही. पुढे प्लांट हेडनी नोकरी सोडली आणि अकोल्याला गेले. जाताना माझ्याशी फक्त हवापाण्याचं बोलले.

पाऊस उघडल्यावर विहिरीचं पाणी तपासायला गेले होते. चाचा बाजारात गेलेले. चाची ओट्यावर लसूण सोलत बसली होती. मला बघून सरकून जागा दिली. नाल्याकडे हात करून म्हणाली, "आता तं चांगलं पाणी येऊन राह्यलं तुमच्याकडून."

"हो, आता मशीन नीट चालू आहे."

"नवीन आणली?"

"नाही, जुनीच."

तिनं लसणाची पाकळी ताटात टाकली. "मंग तवा काऊन नाई चालवली?"

काय सांगायचं? टनामागचा खर्च सांगू, का भिंतीवरचा स्क्रीन, का वार्षिक अहवाल? मी म्हणाले, "साहेबांना वरच्या जागेवर जायचं होतं, चाची. खर्च कमी दाखवला की तिथे घेणार होते. तिथे पगार फार मोठा आहे."

"मंग गेले का वर?"

"नाही गेले."

चाची माझ्या तोंडाकडे बघत राहिली. माझं बोलणं अजून पुरं व्हायचंय असं वाटून ती थांबली होती. मग ती उठली, आत गेली आणि टँकरच्या पाण्याचा ग्लास भरून माझ्यासाठी घेऊन आली.